नव्या भाषेत बावळट दिसण्याची तयारी

चांगली शिकलेली, चार लोकांत नीट बोलणारी, वादात सहसा न हरणारी माणसं नवी भाषा शिकायला बसतात आणि महिन्याभरात गप्प होतात. कारण विचारलं तर ठरलेली उत्तरं मिळतात: वेळ मिळत नाही, आता वय राहिलं नाही, मला भाषांचं अंगच नाही. यातलं प्रत्येक कारण थोडंफार खरं असतं. पण या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक कारण असतं आणि ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही. नव्या भाषेत तोंड उघडलं की माणसाची हुशारी, विनोदबुद्धी, हजरजबाबीपणा, सगळं क्षणात काढून घेतलं जातं. मातृभाषेत तासभर मुद्देसूद बोलणारा माणूस इथे 'मला भूक आहे, तुझं घर कुठे' एवढ्यावर येतो. आपण बावळट दिसतोय हे त्याला कळत असतं. समोरच्यालाही ते कळलंय, हेसुद्धा त्याला कळत असतं.

माझं म्हणणं असं की नवशिक्याची खरी परीक्षा इथे आहे. स्मरणशक्ती, व्याकरणाची समज, शिकवण्याची पद्धत हे सगळं त्यानंतर येतं. आणि या परीक्षेसाठी आपण जो सल्ला हटकून देतो, 'आत्मविश्वास ठेव, बिनधास्त बोल', तो फारसा कामाचा नाही. ज्याला दहा वाक्यंही धड येत नाहीत त्याने विश्वास ठेवायचा तरी कशावर? त्याच्या उपयोगाची मनोवृत्ती जरा वेगळी आहे. आपण सध्या या भाषेत अपुरे आहोत हे मान्य करायचं, त्याचा बाऊ करायचा नाही आणि त्या अपुरेपणात बरेच महिने मुक्काम ठोकायचा.

हा संकोच म्हणजे कुणा एकट्याच्या स्वभावातली खोट नव्हे. १९८६ मध्ये इलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परकी भाषा शिकताना वाटणाऱ्या चिंतेची स्वतंत्र मांडणी केली आणि ती मोजायला एक प्रश्नावलीही बनवली. परीक्षेची भीती किंवा एरवीचा बुजरेपणा यांची नुसती बेरीज केली तर ही चिंता उलगडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. इतर कुठल्याही विषयापेक्षा भाषेत माणसाची स्वतःबद्दलची प्रतिमा जास्त पणाला लागते. गणित चुकलं तर उत्तर चुकतं. बोलणं चुकलं की आपणच कुठेतरी कमी पडल्यासारखं वाटतं.

त्याआधी, १९७२ मध्ये, अलेक्झांडर गिओरा यांनी एक मजेशीर प्रयोग करून पाहिला होता. थाई भाषा अजिबात न येणाऱ्या लोकांना त्यांनी थोडी थोडी दारू दिली आणि थाई शब्द ऐकून तसेच म्हणायला सांगितले. अगदी थोडी घेतलेल्यांचे उच्चार सुधारले, मात्रा वाढल्यावर तो फायदा गेला. स्वतःभोवतीचं कुंपण जरा सैल झालं की परक्या भाषेचा आवाज तोंडात यायला सोपं जातं, असा गिओरांचा अर्थ. (यावरून कुणी अभ्यासाचं वेळापत्रक आखू नये, हे वेगळं सांगायला नको.) प्रयोग लहान होता, त्याच्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. तरी तो ज्या जागी बोट ठेवतो ती जागा अचूक आहे असं मला वाटतं. जीभ वळत नाही ही बऱ्याचदा जिभेची अडचण नसते. दुसऱ्यासारखं बोललो तर नक्कल केल्यासारखं दिसेल, हसं होईल, म्हणून माणूस परका उच्चारही आपल्याच भाषेच्या वळणावर ओढून घेतो.

आता चुकांकडे येऊ, कारण या मनोवृत्तीचा कस तिथे लागतो.

मराठी घरातलं मूल मोठ्यांचं ऐकून आधी 'केलं' म्हणतं. मग एके दिवशी ते अचानक 'मी करलं' म्हणायला लागतं. घरातले हसतात आणि दुरुस्त करतात. ते मूल मात्र 'करलं'ला चिकटून बसतं. आता जरा त्याच्या बाजूने बघा. धर-धरलं, भर-भरलं, सर-सरलं, मग कर-करलं का नाही? काल जे त्याने पोपटासारखं उचललं होतं त्याच्या जागी आज त्याने स्वतः शोधलेला नियम आलाय. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की पोर मागे गेलं. ते पुढे गेलेलं असतं. काही काळाने 'केलं' परत येतं, पण आता ते नियमाला अपवाद म्हणून येतं, कळून येतं. इंग्रजी बोलणारी मुलंही आधी 'वेंट' म्हणतात, मग 'गो'चं 'गोएड' करतात आणि मग पुन्हा 'वेंट'वर येतात.

प्रौढ शिकणाऱ्याचंही याहून फार वेगळं नसतं. १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी हेच ठासून मांडलं: शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे कचरा नाही, त्याच्या डोक्यात सध्या कोणते नियम चालू आहेत याचा तो पुरावा आहे. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या अवस्थेला 'इंटरलँग्वेज' असं नावच दिलं. शिकणारा जे बोलतो ती मातृभाषाही नसते आणि शिकायची भाषाही नसते. ती दोन्हींच्या मधली एक भाषा असते, आणि तिला स्वतःचं व्याकरण असतं. त्याच सुमारास, १९७४ मध्ये, हायडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी स्पॅनिश आणि चिनी घरांतल्या मुलांचं इंग्रजी तपासलं. मातृभाषा इतक्या वेगळ्या असूनही इंग्रजीतली काही रूपं दोन्हीकडे साधारण एकाच क्रमाने पक्की होताना त्यांना दिसली. 'ही गोज', 'शी सिंग्ज' यांतला शेवटचा 'एस' घ्या. पहिल्याच वर्षी शिकवतात, नियम एका ओळीत मावतो, आणि तरी तो बोलण्यात मुरायला वर्षं जातात. शिक्षक लाल शाईने गोल काढत राहतो, विद्यार्थी स्वतःला दूषणं देत राहतो. दोघांनाही वाटतं की हा आळस आहे. तो आळस नसतो, त्या रूपाची वेळ आलेली नसते.

शाळेने आपल्याला वेगळाच हिशेब शिकवलाय. दहा पाठ केलेली बिनचूक वाक्यं लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी, आणि दहा वाक्यं स्वतः जुळवून त्यांतली सहा चुकवणाऱ्याला चार गुण. परीक्षेपुरतं ते चालूनही जाईल. पण हाच तपासनीस डोक्यात घेऊन माणूस वयाच्या चाळिशीत नवी भाषा शिकायला बसतो, तेव्हा खात्री असेल तेवढंच बोलतो. म्हणजे तीच पाच वाक्यं. त्यापुढे जायचं तर चुकावं लागेल आणि चुकायचं तर त्याला नाही. चुका किती झाल्या हे मोजण्यापेक्षा गेल्या महिन्यातल्या चुका आणि या महिन्यातल्या चुका त्याच आहेत का, हे पाहावं. त्याच असतील तर काहीतरी अडलंय. नव्या असतील तर गाडी चालू आहे.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग झालं की! लाज सोडा, चुका करा, बोलत सुटा. इथेच मला थांबवावंसं वाटतं, कारण हा सल्ला अर्धा आहे आणि अर्धवट पाळला तर अंगाशी येतो.

भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी हवाई बेटांवर राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचं इंग्रजी जवळपास तीन वर्षं न्याहाळलं आणि १९८३ मध्ये त्यावर लिहिलं. हा गृहस्थ मनमोकळा, गप्पिष्ट, लाजणं त्याच्या गावीही नव्हतं. इंग्रजी बोलणाऱ्यांत तो सहज मिसळायचा, त्याचं काम अडायचं नाही, लोकांना तो आवडायचा. सल्ला देणाऱ्यांच्या दृष्टीने आदर्श शिकणारा. पण तीन वर्षांत त्याचं व्याकरण जवळजवळ जागचं हललं नाही. संवाद साधण्याचं कसब वाढत गेलं, वाक्यरचना मात्र होती तिथेच राहिली.

पुढे श्मिट स्वतः ब्राझीलमध्ये काही महिने राहिले, पोर्तुगीज शिकले आणि त्याची रोजनिशी ठेवली. सिल्व्हिया फ्रोटा यांच्यासह १९८६ मध्ये त्यांनी तिचा अभ्यास मांडला. वर्गात शिकवलेली सगळीच रूपं त्यांच्या बोलण्यात उतरली नव्हती. कानावर वारंवार पडलेली सगळीही उतरली नव्हती. लोकांच्या बोलण्यात जी त्यांनी जाणीवपूर्वक टिपली होती, ती उतरली होती. शिकायचं तर आधी लक्षात यावं लागतं, हा त्यांचा पुढचा प्रसिद्ध सिद्धांत यातून निघाला. त्याची मर्यादा कुठवर यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण नवशिक्याला त्यातून मिळतं ते स्पष्ट आहे.

समजा मराठी शिकणारा कुणी तुम्हाला म्हणाला, 'मी काल बाजारात जातो.' तुम्ही सहज म्हणता, 'अच्छा, काल गेला होतास? काय आणलंस?' या उत्तरात दुरुस्ती आलेली आहे, फुकट आणि न दुखावता. आता ऐकणारे तीन प्रकारचे असतात. संकोची माणूस सुटकेचा श्वास टाकतो की याला कळलं बुवा; त्याचं सगळं लक्ष आपण कसे दिसलो इकडे. बिनधास्त माणूस पुढचं सांगायला लागतो. त्याला गोष्ट रंगवायची आहे. तिसरा एक क्षण अडखळतो, 'गेला होतास' हे शब्द उचलतो आणि म्हणतो, 'हो, गेलो होतो.' शिकणं झालं ते तिसऱ्याचं. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये अभ्यास केला, तेव्हा शिक्षक अशीच दुरुस्ती सर्वांत जास्त वापरताना दिसले, आणि विद्यार्थ्यांनी ती उचलून आपलं वाक्य सुधारल्याचं प्रमाण याच प्रकारात सर्वांत कमी निघालं. दुरुस्ती इतकी सौम्य की ती झाली हेच कळत नाही.

म्हणून संकोच आणि बेफिकिरी हे मला एकाच दोषाचे दोन अवतार वाटतात. दोघांचंही लक्ष वाक्यावर नसतं. लाज सोडायची ती धीट दिसायला नव्हे. स्वतःकडे बघण्यात जी शक्ती खर्च होते ती ऐकण्यासाठी मोकळी व्हावी, म्हणून सोडायची.

ऐकण्याबद्दल थोडं, कारण नवशिक्याचा पहिला मोठा मुखभंग तिथेच होतो. पुस्तकात त्याने 'तू काय करत आहेस' असं शिकलेलं असतं. प्रत्यक्षात त्याच्या कानावर येतं 'काय करतोयस'. चार शब्द पाठ करून बसलेल्याला त्यातला एकच ओळखू येतो. स्पॅनिशमध्ये 'के बास आ आसेर' हे कागदावर चार सुटे शब्द आहेत, बोलताना त्याचं 'केबासासेर' होतं. कुठलीही भाषा बोलताना शब्दांच्या मध्ये मोकळी जागा सोडत नाही. ती जागा ऐकणाऱ्याचा मेंदू सवयीने पाडतो, आणि नवशिक्याला ती सवय नसते. त्याला वाटतं, हे लोक फार भरभर बोलतात. ते नेहमीच्याच वेगाने बोलत असतात. या काळात प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असा हट्ट धरणारा माणूस पहिल्या न कळलेल्या शब्दापाशी अडून बसतो आणि पुढची तीन वाक्यं घालवतो. धूसर कळण्यावर समाधान मानणं, सात शब्दांतले तीन घेऊन बाकीचं अंदाजाने भरणं, हे अभ्यासू माणसाला फार जड जातं. जन्मभर त्याला उलटं शिकवलेलं असतं.

आणि वेळ. 'तीस दिवसांत अमुक भाषा' असं छापणाऱ्यांनी नवशिक्याचं जेवढं नुकसान केलंय तेवढं अवघड व्याकरणानेही केलं नसेल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना पूर्णवेळ भाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना कामापुरतं प्रभुत्व यायला स्पॅनिश, फ्रेंचसारख्या भाषांना साधारण ६०० ते ७५० तास वर्ग लागतात, जपानी, अरबी, चिनी, कोरियन यांना सुमारे २२००, असा त्यांचा अंदाज आहे. घरचा अभ्यास त्याशिवाय. रोज अर्धा तास देणाऱ्याला ६०० तासही तीन वर्षांहून जास्त पुरतात. हा आकडा ऐकून काहींचा धीर सुटेल, मान्य आहे. पण महिन्याभराचं गाजर दाखवून पाचव्या आठवड्यात 'आपल्याला जमत नाही' असा निष्कर्ष काढायला लावण्यापेक्षा हे बरं. तिसऱ्या महिन्यात काहीच येत नाही असं वाटणाऱ्याला हा आकडा सांगतो की तुझं काही बिघडलेलं नाही, तू अजून वेशीवरच आहेस. विसरण्याचंही तसंच. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की नवं पाठ केलेलं बरंचसं पहिल्या दिवसातच उडतं, आणि उजळणी अंतरा-अंतराने केली तर ते जास्त टिकतं. काल पाठ केलेला शब्द आज आठवला नाही, यात डोक्याचा दोष काढण्यासारखं काही नाही.

वयाची सबब मात्र मी पूर्ण उडवून लावणार नाही. १९६७ मध्ये एरिक लेनेबर्ग यांनी मांडलं की भाषा सहज शिकण्याचा काळ वयात येण्याच्या सुमारास संपतो. २०१८ मध्ये जोशुआ हार्टशोर्न आणि सहकाऱ्यांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचण्या तपासल्या. ही क्षमता सतरा-अठराव्या वर्षापर्यंत टिकते आणि मग उतरते, असं त्यांना आढळलं. वयाच्या विशीनंतर सुरुवात करणाऱ्याने अगदी त्या भाषेतच जन्मल्यासारखं बोलण्याची आशा धरू नये, हे खरं. पण नवशिक्याचा प्रश्न तो नसतोच. त्याला सुरुवात करायची असते, आणि सुरुवातीच्या वेगाची गोष्ट निराळी आहे. कॅथरिन स्नो आणि मारियान हूफनागेल-हूले यांनी १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचं वर्षभर निरीक्षण केलं. सर्वांत वेगाने पुढे गेले ते बारा ते पंधरा वयाचे. प्रौढही पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने शिकले. तीन ते पाच वर्षांची मुलं सगळ्यांत मागे होती. उच्चारांचं म्हणाल तर जोसेफ कॉनरॅड हा मूळचा पोलिश माणूस विशीत इंग्रजी शिकला, त्या भाषेतला मोठा कादंबरीकार झाला, आणि त्याच्या बोलण्यातला पोलिश हेल शेवटपर्यंत गेला नाही.

मुलांना एक सवलत मात्र नक्की असते, आणि तिचा मेंदूशी काही संबंध नाही. त्यांच्याकडून कुणी काही अपेक्षा करत नाही. मोठी माणसं त्यांच्याशी सोपं बोलतात, तेच तेच परत सांगतात, अर्धं वाक्य ऐकून उरलेलं समजून घेतात. एखादं मूल कित्येक महिने नुसतं ऐकत राहिलं तरी कुणी त्याला ढ म्हणत नाही. परक्या भाषेतल्या प्रौढाला यातलं काहीही मिळत नाही. तो तुटक बोलला की आवाज चढवून बोलणारे भेटतात, जणू त्याला कमी ऐकू येतं. काही जण दोन वाक्यांतच त्याच्या भाषेवर किंवा इंग्रजीवर उडी मारतात, मदत म्हणून. त्या मदतीने त्याचा सराव बुडतो. तिसरे तोंडभरून कौतुक करतात, 'वा, किती छान बोलता!' आणि पुढे एक शब्दही बोलत नाहीत.

म्हणून नवशिक्याच्या मनोवृत्तीबद्दलचं सगळं प्रवचन त्याच्या एकट्याच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाज्ञानाच्या ज्या सहा पायऱ्या ठरवल्या, त्यांतल्या सर्वांत खालच्या पायरीचं वर्णन मुद्दाम वाचण्यासारखं आहे. या पायरीवरचा माणूस साधा संवाद करू शकतो, पण कधी? समोरचा सावकाश, स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल तर. म्हणजे नवशिक्याची क्षमता मोजतानाच ऐकणाऱ्याची वागणूक त्या मोजमापात धरलेली आहे. अनेक देश राहण्याच्या परवान्यासाठी किंवा नागरिकत्वासाठी परक्यांची भाषा-परीक्षा घेतात; जर्मनीत नागरिकत्वासाठी याच मोजपट्टीवरची तिसरी पायरी लागते. तिथवर पोचायला जे शेकडो संवाद व्हावे लागतात, ते ज्यांच्याशी व्हायचे त्यांची परीक्षा मात्र कुणी घेत नाही.

निदान पाठ्यपुस्तकांनी तरी एवढं करावं. अनेक पुस्तकं पहिल्या धड्यात 'हे पुस्तक आहे, ती खिडकी आहे' शिकवतात. खिडकी समोर दिसत असताना ती खिडकी आहे असं कुणाला सांगायची वेळ सहसा येत नाही. त्याऐवजी पहिल्या दिवशी चार वाक्यं पक्की करून घ्यावीत: 'परत सांगा', 'जरा सावकाश', 'याला काय म्हणतात?' आणि 'मी शिकतोय, याच भाषेत बोला'. ज्याच्याकडे ही चार वाक्यं आहेत त्याला न कळलेलं लपवण्यासाठी हसून मान डोलवत बसावं लागत नाही, आणि समोरच्याला सावकाश बोलायला सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे हेही त्याला पहिल्याच दिवशी कळतं.